युद्धामुळे प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू का फैलावतात?

जखमींना भरमसाट प्रतिजैविके दिली जातात एवढेच यामागचे कारण आहे का, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरातील एका प्रयोगशाळेत मी जखमेतील पू आणि रक्त यांची कल्चर तपासणी करतो, म्हणजे त्यांतील जंतू वाढवून ते कोणते आणि त्यांवर कोणते औषध चालेल हे पाहतो. माझ्या मते हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. रुग्णालयाची घडी विस्कटणे हे त्याहून मोठे कारण आहे.

स्फोटाच्या जखमेत माती, कपड्यांच्या चिंध्या आणि धातूचे तुकडे हाडापर्यंत घुसतात. मेलेल्या मांसाला रक्तपुरवठा नसल्याने तेथे औषध पुरेसे पोहोचत नाही, म्हणून ते मांस शस्त्रक्रियेने पुन्हा पुन्हा काढावे लागते. शल्यविशारद आणि वीज दोन्ही नसतील तर ती सफाई राहून जाते, कल्चरचा रिपोर्ट मिळत नाही, आणि अंदाजाने दिलेली जहाल औषधे आठवडेच्या आठवडे चालू राहतात. त्यात साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि त्यांची प्रतिकाराची जनुके प्लास्मिडवाटे (जंतूंमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांवाटे) दुसऱ्या जातींच्या जंतूंतही जातात.

२००३ नंतर इराकमधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या जखमांत असिनेटोबॅक्टर बौमनी हा जंतू इतका आढळू लागला की त्याचे नावच 'इराकीबॅक्टर' पडले. आधी संशय तेथील मातीवर होता. तपासाअंती मात्र बोट प्रामुख्याने लष्कराच्या फील्ड हॉस्पिटलांकडेच वळले. जखमी जर्मनीतील लांडश्टूल येथील अमेरिकी लष्करी रुग्णालयामार्गे अमेरिकेत नेले जात, आणि त्यांच्यासोबत जंतूही. २०२२ पासून युक्रेनच्या जखमींत क्लेबसिएला न्यूमोनिए या जंतूचे असे प्रकार सापडले आहेत की त्यांपैकी काहींवर कोलिस्टिनसारखे राखीव औषधही चालत नाही. युरोपातील ज्या देशांनी हे रुग्ण उपचारांसाठी घेतले, तेथेही असे जंतू आढळले.

युद्धात पाणीपुरवठा तुटला की काय होते, हे कोल्हापूरकरांना निराळा समजावून सांगायला नको: २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे बुडाली आणि शहर टँकरवर आले. हीच अवस्था महिनोन्महिने राहिली, एका खाटेवर दोन रुग्ण आले आणि हात धुण्यापुरतेही पाणी नसले, तर जंतू परिचारिकेच्या हातांवरूनच वॉर्डभर फिरतो. दारूगोळ्यातील शिसे, तांबे आदी धातूंमुळेही प्रतिरोधी (औषधांना दाद न देणारे) जंतूच तगून राहतात असे मांडले जाते. प्रयोगशाळेत त्याला आधार आहे, पण रणभूमीवर त्याचा वाटा किती, हे मोजणे अवघड आहे.

भारतातील प्रतिरोधाचे खापर मात्र मी युद्धावर फोडणार नाही. कार्बापेनेम या जहाल प्रतिजैविकांच्या गटाला न जुमानणारे जंतू येथे शांततेच्या काळातच, चिठ्ठीविना औषधे विकून आणि रुग्णालयांतील ढिलाईने, वाढले आहेत.