ई-व्हिसाची खरी साइट ओळखायची कशी?

प्रश्न : पहिल्यांदाच परदेशी जायचंय, ई-व्हिसा ऑनलाइन काढायचाय पण सर्च केलं की एकाच देशाच्या चार-पाच साइट्स येतात आणि फी प्रत्येकीची वेगळी, खरी कुठली समजायची? आणि पासपोर्टवर माझं आडनाव वेगळं दिलेलंच नाहीये, सगळं नाव एकाच रकान्यात आहे, मग फॉर्ममध्ये काय टाकू?

उत्तर : सर्चमध्ये सगळ्यात वर दिसते ती बऱ्याचदा जाहिरात असते, त्यामुळे तिथून जाऊच नका, त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर लिंक असते ती उघडा. बाकीच्यातल्या काही एजंटच्या असतात, फसव्याच असतील असं नाही, पण सरकारी फीवर स्वतःचे पैसे लावतात आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता नावाचं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात बघा, मशीन त्याच वाचतं, तेव्हा नावाचं स्पेलिंग तिथलंच धरा. आडनावाचा रकाना रिकामा सोडू देत नसेल तर मनाने काहीही भरू नका, प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो, साइटच्या सूचनांमध्ये नाही सापडला तर सरळ हेल्पडेस्कला मेल टाका. पासपोर्ट नंबर मात्र दोनदा तपासा, शून्य आणि इंग्रजी ओ मध्ये हमखास घोळ होतो आणि व्हिसा त्या नंबरलाच जोडलेला असतो, एक आकडा चुकला तर विमानात चढायच्या आधीच अडवतील. पासपोर्टची मुदतही बघून घ्या, पुष्कळ देश ६ महिने शिल्लक मागतात. आणि हो, मंजुरीची प्रिंट जवळ ठेवाच, मोबाईलची बॅटरी नेमकी तिथेच दगा देते.