वाचकांचे प्रश्न : वाढत्या अंगाचा व्यवसाय

प्रश्न : औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिवणकाम शिकून गेली सहा वर्षे मी घरी ब्लाउज आणि फ्रॉक शिवते. आता जन्मापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींच्या तयार कपड्यांचा व्यवसाय सुरू करावा, असा विचार आहे. जवळ दीड लाख रुपये आहेत. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारातून तयार माल आणून विकणे सोपे पडेल, असे घरच्यांचे मत आहे. काय करावे?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : आपल्या पत्रातील ‘जन्मापासून दहा वर्षांपर्यंत’ या शब्दांपाशी मी थबकले. एवढ्या वयोगटासाठी किमान दहा मापे लागतात. पाच नमुने, प्रत्येकाचे तीन रंग आणि दहा मापे धरली, तर दीडशे प्रकार होतात. प्रत्येकाचे तीनच नग ठेवले तरी साडेचारशे कपडे झाले आणि नगाला सरासरी दीडशे रुपये खर्च धरल्यास साडेसदुसष्ट हजार रुपये मांडणीतच अडकले. शिवाय गिऱ्हाईक मागते ते माप नेमके संपलेले असते आणि उरलेली मापे धूळ खात पडतात. मुलांच्या कपड्यांत भांडवल बुडते ते बहुधा असे, मापांच्या संख्येत. तयार माल आणून विकण्यातही हीच अडचण आहे. त्यात भर म्हणजे तोच माल शेजारच्या चार दुकानांत असतो आणि आपल्या हातातील कसब मात्र वाया जाते.

म्हणून पहिले वर्षभर फक्त एक वर्षापर्यंतच्या बाळांचे कपडे शिवावेत, असा माझा सल्ला आहे. जन्मतः सुमारे ५० सेंटीमीटर लांबीचे बाळ वर्षभरात साधारण ७५ सेंटीमीटरपर्यंत पोहोचते, म्हणजे तीच आई तीन-चार वेळा खरेदीला येते. त्यातही नवजात बाळाचे सर्वांत लहान माप थोडेच शिवावे, कारण ते काही आठवड्यांत आखूड होते. बारशाला बाळंतविडा घेऊन जाणारी आत्या किंवा मावशी नेहमी एक माप मोठेच मागते. तीन ते सहा महिन्यांचे माप हाताशी भरपूर असावे.

या वयाचे कपडे बेतणे दिसते तितके सोपे नाही. फ्रॉक शिवताना आपण छातीवरून माप धरतो. पण नवजात बाळाच्या डोक्याचा घेर छातीपेक्षा थोडा जास्त असतो आणि दोन्ही मापे जवळपास सारखी होण्यास वर्ष उजाडते. छातीच्या प्रमाणात कापलेला बंद गळा त्यामुळे डोक्यातून उतरतच नाही. आपल्या आजीच्या काळातील झबले मागून उघडे आणि बंधांचे का असे, याचे उत्तर इथे आहे. तोच विचार ठेवून अंगरख्यासारखे एकावर एक येणारे, बगलेखाली बांधण्याचे झबले शिवावे. गळ्याशी नाडी किंवा लांब बंध मात्र मुळीच नकोत. सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत टोपीला व गळ्याला दोरी नसावी, असे युरोपीय मानकच आहे आणि ते कोल्हापूरच्या बाळालाही तितकेच लागू व्हावे. शोभेचे मणी, सैल बटणे टाळावीत. कापडी लेबल मानेला टोचते, म्हणून ते बाहेरच्या बाजूने शिवावे. खांद्याला आणि बगलेला थोडी माया, म्हणजे शिवणीत दुमडलेले जादा कापड, ठेवल्यास कपडा वाढत्या अंगाचा होतो. लहान मुलांच्या कपड्यात आजीला अजूनही हीच गोष्ट पटते.

कापडासाठी इचलकरंजी आपल्या दाराशीच आहे. तेथील सुती पॉपलिन किंवा मलमल घेताना ताका हातात घेऊन भुलू नये, कारण नव्या कापडाला खळ असते. आधी एक मीटर तुकडा विकत आणावा, दोनदा गरम पाण्यात धुऊन वाळवावा आणि मग मोजावा. शंभराचे पंचाण्णव भरले, तर पूर्ण ताका धुतल्याशिवाय कात्री लावू नये. रंगीत कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का, तेही पाहावे, कारण बाळ कपडा तोंडात घालणारच.

आता हिशेब. समजा, ४४ इंची पन्ह्याचे कापड ९० रुपये मीटर आहे आणि एका मीटरमध्ये तीन झबली बसतात. कापड ३०, पायपिंग व धागा ८, शिलाई २५, इस्त्री व पिशवी ७ असे ७० रुपये होतात. बिघाडाचे ७ धरून ७७. यातील शिलाईचे २५ रुपये आपण स्वतः शिवत असलात तरी धरलेच पाहिजेत. बहुतेक घरगुती व्यवसायांचा नफा हा प्रत्यक्षात न दिलेली मजुरी असतो. विक्री किंमत १८० ठेवून दुकानदाराने ३५ टक्के घेतले, तर आपल्या हाती ११७ येतात. उरलेल्या ४० रुपयांतून वीज, प्रवास आणि न खपलेला माल भागवायचा आहे. दुकानदार बहुधा जांगडवर, म्हणजे खपेल तेवढ्याचेच पैसे देऊन उरलेला परत करण्याच्या बोलीवर, माल मागेल. पहिल्या खेपेला द्यावा, पण नग आणि परतीची तारीख लिहून घ्यावी.

संक्रांतीचा हंगाम सोडू नये. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात, रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणे चालतात. त्यासाठीचे कापड नवरात्रात घ्यावे आणि दिवाळी संपताच शिवायला बसावे. मात्र काळा माल मोजकाच असावा; एरवी बारशाला वा वाढदिवसाला तो कोणी घेत नाही, त्यामुळे उरला तर पुढच्या संक्रांतीपर्यंत पेटीतच राहतो.

सध्याच्या मशीनला ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाच्या कडा धाग्याने गुंफणाऱ्या मशीनची, जोड हवीच, कारण उघड्या शिवणीचे धागे बाळाच्या बोटांत गुंततात. बाकी यंत्रे नंतर पाहता येतील.

प्रश्न : आमचा बचत गट लहान मुलांचे कपडे शिवतो. ऑनलाइन विक्रीसाठी जीएसटी नोंदणी करावीच लागेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारमंचावरून राज्यातल्या राज्यात विक्री करता येते. त्यासाठी जीएसटी संकेतस्थळावरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कपडे परराज्यात पाठवणार असाल, तर मात्र उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के कर आहे, त्यामुळे आपला बहुतेक माल याच दरात बसेल. कपड्यावर कमाल किंमत, सेंटीमीटरमधील माप आणि गटाचे नाव व तक्रारीसाठी संपर्क छापावा. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल, तर ते त्या मध्यस्थाचे शुल्क आहे, सरकारचे नव्हे.