डिशवॉशरची मोटर बदलायच्या आधी जाळीखाली बघा

ताई, साडेसहा हजार देऊ नका, निदान आज तरी. तुमचं वाचून मला कळलं ते असं: डिशवॉशर तीन वर्षांचा, वॉरंटी संपलेली, गेल्या वर्षी पुण्यातल्या पुण्यात कोथरूडहून वाघोलीला शिफ्ट झालात, सोसायटीत बोअर आणि टँकर, फ्लॅट अकराव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, मशीन ड्राय बाल्कनीत. आल्यापासून काचेचे ग्लास पांढरट निघतात, आठवडा झाला खाली पाणी साचतंय आणि शेवटी घर्र घर्र आवाज येतो, मधूनच सुरुवातीलाच नळाचं चिन्ह दाखवून थांबतो, आणि बघायला आलेला माणूस पाच मिनिटांत "मोटर गेली" म्हणून आकडा सांगून गेला. वर सासूबाईंचं "त्यापेक्षा बाई लावा". सासूबाईंचं सोडा, आमच्याकडे नऊ वर्षं मी हेच ऐकतेय. पण ही एक तक्रार नाहीये, तीन वेगवेगळ्या आहेत आणि तिन्ही मला ओळखीच्या वाटतात, कारण सहकारनगरहून उंड्रीला आल्यावर पहिल्या वर्षात मी तिन्ही भोगल्यात. मशीन तेच होतं, पाणी बदललं होतं.

पांढरेपणा आधी घेऊ. कोथरूडला तुम्हाला खडकवासल्याचं पाणी होतं, म्हणजे धरणात साठलेलं पावसाचंच, त्यात क्षार कमी. वाघोलीतलं बोअरचं पाणी आपल्या काळ्या कातळातल्या फटींतून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. शाळेत सुफेन दुष्फेन पाणी शिकलो होतो ना, साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन, तेच हे. डिशवॉशरच्या पोटात एक सॉफ्टनर असतो, त्यातल्या रेझिनच्या बारीक मण्यांवर हे कॅल्शियम मॅग्नेशियम अडकतं आणि मणी भरले की मशीन मिठाच्या पाण्याने ते धुऊन परत कामाला लावतं. किती वेळा धुवायचं हे बहुतेक मशिन्सना आपोआप कळत नाही, सेटिंगमध्ये आपण सांगायचं असतं. तुमचं सेटिंग कोथरूडला पहिल्या दिवशी लावलेलं असणार आणि ते तसंच टेम्पोतून वाघोलीला आलं असणार, मूव्हर्सवाल्यांना काय त्याचं.

तुम्ही लिहिलंय टीडीएस ९०० आहे म्हणून. आरओवाला ते पेन बुडवून आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो, पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, साधं मीठसुद्धा त्यात आलं. डिशवॉशरला लागतो तो हार्डनेस, म्हणजे त्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम किती तेवढंच. तो मोजायला अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात जा, माशांच्या टाकीसाठी जीएच म्हणजे जनरल हार्डनेसचं टेस्ट किट मिळतं, नळीत पाणी घ्यायचं आणि रंग बदलेपर्यंत थेंब टाकत मोजायचे, बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक जर्मन डिग्री म्हणजे लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम. वीस थेंब लागले तर साडेतीनशेच्या आसपास. तुलनेसाठी सांगते, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत ठीक धरतात आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे माणसाला चालणारं पाणी डिशवॉशरला जड असू शकतं. आकडा आला की मॅन्युअलमध्ये हार्डनेसचा तक्ता असतो, त्यातून आपली लेव्हल शोधून मशिनमध्ये लावा. उन्हाळ्यात टँकर बदलतात तेव्हा परत मोजा, आमच्याकडे मार्च ते जून एक लेव्हल वर ठेवावी लागते.

सॉल्टच्या बाबतीत मी केलेला शहाणपणा सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. डिशवॉशर सॉल्ट महाग वाटलं म्हणून किराणावाल्याकडून खडेमीठ आणून भरलं, मीठ ते मीठ. त्यात माती असते, न विरघळणारा कचरा असतो, दोन महिन्यांत सॉल्टच्या डब्याच्या तळाशी राखाडी चिखल. जेवणातलं बारीक मीठ तर नकोच, त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली पावडर असते. आणि सॉल्ट भरलं की लगेच मशीन लावा, उद्यावर टाकू नका, भरताना सांडलेलं खारट पाणी स्टीलवर रात्रभर बसलं तर गंजाचे ठिपके येतात. झाकण घट्ट फिरवा, ते सैल राहिलं तर खारं पाणी थेट भांड्यांवर येतं आणि आपल्याला वाटतं क्षार वाढले. ऑल इन वन टॅब्लेटमध्ये सॉल्ट असतंच की, असं दुकानदार सांगतात, पण इतक्या जड पाण्याला ते पुरत नाही.

आता एक ग्लास घ्या आणि त्यावर अर्धं लिंबू चोळा, नाहीतर व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं ठेवा. पांढरं निघून गेलं तर क्षार आहेत, वर सांगितलंय तेवढ्याने प्रश्न मिटेल. नाही निघालं आणि हाताला काच किंचित खरखरीत लागली तर काच झिजलीय, ती परत येत नाही. गंमत म्हणजे हे उलट्या कारणाने होतं, पाणी फार मऊ आणि पावडर जास्त, वर ७० डिग्रीचा प्रोग्राम. माझ्या आईकडे कॉर्पोरेशनचं पाणी, तिथे मी उत्साहाने सॉल्टचं सेटिंग वरचं लावून दिलं आणि पावडरही मापापेक्षा जास्त टाकायला सांगितली, तिच्या आवडत्या सेटचे सहाही ग्लास कायमचे धुरकट झाले. अजून प्रत्येक दिवाळीला बाहेर काढते आणि माझ्याकडे बघते.

आता साचणारं पाणी आणि घर्र आवाज, ज्याचे तुमच्याकडे साडेसहा हजार मागितलेत. आधी हे लक्षात घ्या की जाळीच्या खालच्या खळग्यात थोडं पाणी राहतंच, ते नॉर्मल आहे, पाणी जाळीच्या वर तरंगत असेल तर प्रॉब्लेम. प्लग काढा, नुसतं बटण बंद नको. जुन्या कपाने आणि स्पंजने पाणी उपसून काढा. मग जाळी फिरवून वर काढा, दोन भाग असतात, उभा दंडगोल आणि खाली सपाट पत्रा. आपल्याकडची जाळी म्हणजे मोहरी, जिरं, कढीपत्ता, भाताची शितं आणि त्याला बांधून ठेवणारा तुपाचा थर. साबणाच्या गरम पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, तारेची घासणी लावू नका. मी दर रविवारी करते, घरात दोनच माणसं असतील तर पंधरा दिवसांनी चालेल.

जाळी काढल्यावर खळग्यात टॉर्च मारा. थेट हात घालू नका, फुटलेल्या ग्लासची कपची तिथेच जाऊन बसते, माझं बोट कापलंय. ग्लोव्हज घाला, चिमटा घ्या. बऱ्याच मशिन्समध्ये खळग्याच्या बाजूला एक छोटं प्लास्टिकचं झाकण असतं, ते खेचलं की ड्रेन पंपाचं, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या मोटरचं पातं दिसतं, चमच्याच्या टोकाने ते फिरतंय का बघा. थोडं अडखळत फिरतं, आत चुंबक असतं म्हणून, त्याला घाबरू नका. आमच्याकडे हाच घर्र आवाज, हाच "पंप गेला" निदान, आणि पात्यात निघाला एक चिंचोका! आमटीतला. तो जाळीतून गेला कसा, तर मी जाळी धुऊन परत बसवताना शेवटपर्यंत फिरवलीच नव्हती, ती लॉक होईपर्यंत फिरवावी लागते, नाहीतर कडेने सगळं आत जातं. काढला, झाकण परत दाबून बसवलं, मशीन आजही चालू आहे. तो चिंचोका मी फ्रिजवरच्या वाटीत ठेवलाय, पुढचा मेकॅनिक आला की दाखवायला.

पातं मोकळं असेल तर ड्रेन पाइप बघा, मशीन मागे ढकलताना भिंतीशी तो दुमडतो. ड्राय बाल्कनीत अजून एक भानगड होते, पाइपचं तोंड थेट नहाणीच्या जाळीत टाकलेलं असतं, सगळा पाइप जमिनीवर लोळत. तसं असेल तर मशीन पाणी घेतं आणि ते सायफनने आपसूक निघून जातं, मशीन परत घेतं, परत जातं, कधी भांडी कोरडीच निघतात, कधी प्रोग्राम तासनतास संपत नाही. पाइप एकदा वर चढवून मग खाली आणायचा, बहुतेक मशिन्सना जमिनीपासून निदान ४० सेंटीमीटर, नक्की उंची मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आणि पाइप उंदराने कुरतडलाय का तेही बघून घ्या, हसू नका.

स्क्रीनवर कोड येत असेल तर तो लिहून ठेवा. बॉश सीमेन्सवर ई२४, ई२५ म्हणजे पाणी बाहेर जाण्याचीच तक्रार, एलजीवर ओई म्हणजे तेच आणि आयई म्हणजे पाणी आत येत नाही. बॉश सीमेन्सचा ई१५ असेल तर मशिनच्या तळाच्या ट्रेमध्ये पाणी गेलंय, कुठेतरी गळतंय किंवा फेस सांडलाय. नेटवर लोक सांगतात मशीन तिरकं करून पाणी काढा, त्याने कोड जातो पण गळती तशीच राहते. तेवढ्यासाठी मात्र माणूस बोलवावा.

तिसरं, नळाचं चिन्ह, म्हणजे मशिनला पाणी पुरेसं मिळत नाहीये. हे मधूनच येतं म्हणताय, तर कधी येतं ते आठवा. आमच्याकडे ते सकाळी सगळी सोसायटी पाणी वापरत असताना यायचं. वरच्या मजल्याचं गणित असं की टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर दाब साधारण एक बार मिळतो, आणि तुमची टाकी तुमच्या डोक्यावर, समजा ३ मीटर, म्हणजे ०.३ बार, आणि मशिनला कमीत कमी ०.३ ते ०.५ लागतो. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर असताना हा प्रश्न आलाच नसेल. नळाला बादली लावून बघा, मिनिटाला १० लिटर आलं तर पुरे, बऱ्याच मॅन्युअलमध्ये हाच आकडा असतो. नाही आलं तर प्लंबरकडून त्या लाईनवर छोटा प्रेशर पंप बसवा, किंवा आमच्यासारखं करा, रात्री साडेदहाला लावा.

बादली भरतेय आणि तरी चिन्ह येतंय, तर नळाला जिथे इनलेट पाइप जोडलाय तिथली बारीक जाळी काढून धुवा. टँकरचा गाळ तिथे बसतो. कॉर्पोरेशनच्या पाण्यावर असलेल्यांनाही हे लागू आहे, पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा, आणि गुरुवारी पाणी बंद ठेवतात त्यानंतर शुक्रवारी "उशिरा व कमी दाबाने" पाणी येतं तेव्हा. शुक्रवारी सकाळी मी डिशवॉशर लावतच नसे, आधी बाथरूमचा नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा. एक जपून, पाइपच्या नळाकडच्या टोकाला प्लास्टिकचा डबा असेल तर तो पाण्यात बुडवू नका, त्यात विजेचा व्हॉल्व्ह असतो.

टॅब्लेट अर्धी उरते म्हणालात, तर खालच्या रॅकमधलं मोठं ताट किंवा कढईचा दांडा टॅब्लेटच्या कप्प्याच्या झाकणासमोर येतोय का बघा, ते उघडायला जागा लागते. तीस मिनिटांच्या क्विक प्रोग्राममध्येही ती पूर्ण विरघळत नाही, तिथे पावडर वापरा. पाणी फवारणारे पंखे हाताने फिरवून बघा, झारा नाहीतर पळी खाली लोंबत असली की पंखा अडतो आणि एकाच बाजूची भांडी खरकटी राहतात. पंख्याच्या भोकांतली मोहरी टूथपिकने काढायची, टूथपिक आत मोडू नका. आणि भांडी विसळून लावत असाल तर बंद करा, खरकटं फक्त केराच्या डब्यात झटकायचं. ऑटो प्रोग्राममध्ये पाणी किती गढूळ झालं हे सेन्सर बघतो, भांडी आधीच स्वच्छ दिसली की तो धुणंच कमी करतो.

मशिनला वास येतो त्याचं सोपं आहे. दाराच्या खालच्या कडेला पाण्याचा फवारा पोचतच नाही, तिथे रबराच्या मागे काळा चिकट थर असतो, तो फडक्याने पुसा. मग रिकाम्या मशिनमध्ये तीन-चार चमचे लिंबूफूल टाकून सगळ्यात गरम प्रोग्राम, त्यात पावडर टाकायची नाही. ब्लीच तर कधीच नको.

आणि तुमची काळी पडलेली कढई अ‍ॅल्युमिनियमची असणार. डिशवॉशरची पावडर अल्कलाइन असते, ती अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर खाते, त्यात मशिनचा काही दोष नाही. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, बिडाचा तवा, लोखंडी कढई, तांब्या-पितळ, कल्हईची भांडी, पोळपाट-लाटणं, रवी, हे सगळं हातानेच. स्टीलचा कुकर चालतो, शिट्टी आणि रबर काढून. प्लास्टिकच्या डब्यांवरचा हळदीचा पिवळा डाग मशीनने जाणार नाही, डबे दोन दिवस बाल्कनीत उन्हात ठेवा, हळदीचा रंग उजेडाने उडतो.

तर आज रात्री फक्त जाळी आणि पंपाचं पातं बघा. काही सापडलं नाही, पातं मोकळं फिरतंय, पाइप सरळ आहे आणि तरी पाणी जात नाही, तर मग पंप खरंच गेला असू शकतो, पण तेव्हा दुसऱ्या माणसाला बोलवा आणि आधीच सांगा की काढलेला जुना पंप आम्हाला द्यायचा. सॉल्टची लेव्हल किटमधले थेंब मोजल्यावरच बदला, अंदाजाने नको. किती थेंब लागले ते आणि मशिनचा मॉडेल नंबर कळवा, दार उघडल्यावर कडेच्या पट्टीवर असतो, लेव्हल कुठे बदलायची ते बघून सांगते.