बोअरचं पाणी रेडिएटरला नको

सोलापूरचं ऊन, काळ्या रानातली धूळ आणि बोअरचं जड पाणी या तिघांचा हिशोब कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेत धरलेला नसतो. या वेळच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ तिथेच आहे. तापणाऱ्या गाडीचं उत्तर मुद्दाम मोठं दिलं आहे, कारण त्यात चुकलं तर थेट इंजिनाचं हेड उतरवायची वेळ येते.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची आहे, ७८ हजार किलोमीटर चालली आहे. सात रस्त्यावरून घरी येताना सिग्नलला एसी चालू असला की तापमानाचा काटा वर चढतो. गाडी पळायला लागली की खाली येतो. फिटर म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू आणि कूलंटऐवजी साधं पाणी भरू, म्हणजे गाडी गार राहील. करू का? (जुळे सोलापूर)

दोन्ही करू नका. दोष कुठे आहे ते तुमच्या पत्रातच आलं आहे. उभी असताना तापते आणि पळताना निवते, म्हणजे पाणी नीट फिरतंय, कमी पडतेय ती हवा. पळताना समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला तो फक्त पंख्यानेच मिळतो. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, बंद अवस्थेत अडकला असता तर काटा हायवेलाही चढला असता.

आधी पंखा बघा. इंजिन चालू करा, एसी लावा, बॉनेट उघडा. काही सेकंदांत पंखा फिरायला हवा. फिरलाच नाही तर फ्यूज आणि रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासायचे. फ्यूज बॉक्समध्ये त्याच क्रमांकाचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून लगेच कळतं. बऱ्याच गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि हळू वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळला की पंखा सुरुवातीला गप्प बसतो आणि काटा बराच वर गेल्यावर एकदम जोरात सुटतो. पंखा फिरतोय पण जोर नाही, असं दिसलं तर मोटरचे कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) झिजलेले असण्याची शक्यता मोठी. एक सावधगिरी मात्र पाळाच: चावी काढलेली असली तरी काही गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो, त्यामुळे कनेक्टर काढल्याशिवाय पात्यांजवळ हात नेऊ नका.

पंखा ठीक असेल तर पुढची जाळी बघा. सगळ्यात पुढे एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागे रेडिएटर असतो. दोघांच्या फटीत धूळ, किडे, वाळकं गवत बसतं. यंत्रमागाच्या परिसरात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीत त्याबरोबर सुताचं तूसही साठतं आणि ओलं होऊन त्याचा नमदा होतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, घाण मागे असते. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, साध्या नळीनेच. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर पत्र्याच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

आता थर्मोस्टॅट काढण्याबद्दल. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिन ठरलेल्या तापमानावर ठेवतो. काढला तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये ओलावा राहतो. दोष झाकला जातो, जात नाही.

साध्या पाण्याचं तर नावच काढू नका. घरातल्या गिझरची कॉइल काढल्यावर तिच्यावर पांढरा, खडूसारखा थर असतो, तो बोटाने खरवडला तरी निघत नाही. बोअरच्या पाण्याने तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि त्या नळ्यांची आतली फट अवघी एक-दोन मिलिमीटरची. शिवाय ॲल्युमिनियमचं हेड आणि वॉटर पंप आतून खाल्ला जातो तो वेगळा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असलं आणि झाकणाचा दाब धरला की उकळण्याची पातळी १२० अंशांच्या वर जाते. साध्या पाण्यात गंज आणि क्षार रोखणारं काहीच नसतं.

कूलंट बदलायचं तर सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर. गरम असताना झाकण उघडलं की वाफ तोंडावर येते. रेडिएटरचा खालचा प्लग उघडून जुनं पाणी टबात घ्या. डिस्टिल्ड वॉटर भरा, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, गार होऊ द्या, काढा. स्वच्छ निघेपर्यंत हेच परत. लहान गाडीत एकूण चार-पाच लिटर मावतं, म्हणजे दोन-अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि तेवढंच डिस्टिल्ड. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. ही चूक फार होते आणि कूलंट निम्मं पातळ होऊन बसतं. हिरवा-लाल रंग बघून घेऊ नका, मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार घ्या, दोन प्रकार मिसळू नका. भरल्यावर पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण नवं टाका. आणि टबातलं कूलंट गटारीत किंवा रस्त्यावर ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात आणि मरतात.

एवढं करूनही कूलंट कुठे न गळता कमी होत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, गेलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून गॅरेजला न्या.

प्रश्न : विजयपूरला ओळखीतून २०१८ ची, केए २८ पासिंगची सेडान मिळते आहे. इकडच्यापेक्षा किंमत बरीच कमी सांगतात. घ्यावी का? कागद काय लागतात? (बार्शी)

किंमत कमी दिसते कारण त्यात महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरलेला नाही. तो गाडीची मूळ किंमत आणि वय यावर इथे भरावा लागतो. सोलापूर आरटीओत आकडा काढून घ्या, तो किंमतीत मिळवा आणि मगच स्वस्त की महाग ते ठरवा. कर्नाटकात भरलेल्या टॅक्सच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो, पण अर्ज तिकडे करावा लागतो. परतावा कोणाच्या खात्यात जाणार, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या.

कागदांचा क्रम असा: गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. मग विजयपूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी इथे फॉर्म २७. थकलेली चलनं ऑनलाइन तपासा, ती भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. ‘केए नंबरवरच फिरवा, कोण विचारतं’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवं पासिंग कायद्याने लागतंच. विमाही लगेच, १४ दिवसांच्या आत, आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

गाडी बघायला सकाळी जा आणि ‘चालू करून ठेवू नका’ असं आदल्या दिवशी सांगा. पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा दोष झाकायचा प्रयत्न आहे असं समजा. थंड स्टार्टला निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. हँडब्रेक ओढून, गाडी तिसऱ्यात टाकून क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. नुसतं गुरगुरत राहिलं तर क्लच प्लेट संपली आहे. दरवाजाचं रबर ओढून खालचे वेल्डिंगचे गोल ठिपके बघा. कंपनीचे ठिपके एकसारख्या अंतरावर असतात, अपघातानंतरच्या दुरुस्तीत ते बुजतात किंवा वेडेवाकडे पडतात.

आणि पूर. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला मोठा पूर आला होता. नदीकाठच्या गावातली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुतलेल्या गाडीतसुद्धा बेल्टच्या टोकाला मातकट रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डा गंजलेला असेल तर वायरिंगमध्ये पाणी गेलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

प्रश्न : उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेवटच्या क्षणी दिसतात. हेडलाइटला जोरदार एलईडी बल्ब बसवले तर फायदा होईल का? (मोहोळ)

हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत एलईडी बल्ब घातला की उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण तो विखुरतो. जवळचा रस्ता पांढराफेक दिसतो, लांबचा अंधारात जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ६०/५५ वॅटचा चांगला हॅलोजन नवा टाका, दोन्ही बाजूंना एकाच वेळी. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. मग दिवे लावून बघा: सपाट जागी भिंतीला चिकटून गाडी उभी करा, डिपरच्या उजेडाची वरची कड खडूने आखा, मग सरळ मागे १० मीटर जा. कड साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. त्यापेक्षा फार खाली असेल तर तुमचा उजेड चाकांपुढेच संपतोय. पुढची काच आतूनही पुसा. उन्हात डॅशबोर्डच्या प्लास्टिकची वाफ काचेवर बसून तेलकट पापुद्रा होतो आणि समोरचा दिवा पडला की त्यात सगळं विरघळतं.

पण खरा प्रश्न वेगाचा आहे. डिपरवर बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली ४०-५० मीटरवर दिसते. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी ३५. म्हणजे ७० मीटर लागतात आणि दिसतं पन्नासावर. ताशी ६० ला हेच अंतर ४५ मीटर होतं. म्हणून हंगामात, समोरून वाहन असताना, रात्री साठच्या वर जाऊ नका, रस्ता चार पदरी असला तरी. ट्रॉलीवाल्यांनो, तुम्हीही वाचत असाल तर मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. उसाची वाढं तिच्यावर लोंबली तर तीही दिसत नाही, तेवढी छाटा.

प्रश्न : दोन वर्षांची बीएस ६ डिझेल एसयूव्ही आहे. घर ते दुकान तीन किलोमीटर, एवढंच रोजचं चालणं. डीपीएफचा दिवा लागला आहे. (पंढरपूर)

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी धरणारी जाळी. त्यातली काजळी जळून ती साफ व्हायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. तीन किलोमीटरमध्ये तो कोमटही होत नाही. नुसता दिवा असेल आणि गाडीची ताकद कमी झाली नसेल तर मोहोळच्या रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा, आरपीएम २,००० च्या वर राहील अशा गिअरमध्ये. मध्येच बंद करू नका. संपल्यावर वाळक्या गवतावर उभी करू नका, खालचा भाग तापलेला असतो. ही सफाई वारंवार अर्धवट राहिली की तिच्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ऑइल ताबडतोब बदला. दिव्यासोबत इंजिनचा दिवाही आला तर गॅरेजमध्ये मशीन लावूनच सफाई करावी लागेल. जाळी फोडून पोकळ करून देणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. तुमच्या वापराला पेट्रोलच योग्य होती. आता निदान आठवड्यातून एकदा लांब चक्कर ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा चार-पाचने कमी ठेवावी का? (अक्कलकोट)

उलट आहे. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्याने आतून तापते आणि फुटते. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे, तोच सकाळी गार टायरवर ठेवा. दुपारी चालून आल्यावर तीन-चार जास्त दाखवेल, ती काढू नका. माणसं आणि सामान भरून तुळजापूरला निघाला असाल तर स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा. बाजूवर फुगवटा आला असेल तर तो टायर स्टेपनीलाही नको. टायरच्या बाजूवरची चार आकडी तारीख बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचा टायर आमच्या उन्हात भरवशाचा नाही.

प्रश्न : बॅटरी दर दोन वर्षांनी जाते. कंपनी बदलू का? (होटगी रोड)

आधी मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या वर येत असतील तर अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा, रेग्युलेटर बॅटरीचं पाणी उकळतोय, नवी बॅटरीही तशीच जाईल. झाकणं असलेली बॅटरी असेल तर मार्च ते जून दर महिन्याला पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, प्लेटच्या वर १० मिलिमीटर. नळाचं नको, आरओचंही नको.