क्लासिक रायफल बनवून घेताना पैसे कुठे घालावेत

नमस्कार. तुमचा प्रश्न सावकाश वाचला. कोलोरॅडोत सहा वर्षं कारखान्याच्या, प्लॅस्टिक दस्त्याच्या रायफलीने म्यूल डिअर आणि एल्क या हरणांची शिकार केलीत. आता पन्नाशीला अक्रोडाच्या दस्त्याची, जुन्या घाटाची एक रायफल कारागिराकडून बनवून घ्यायची आहे आणि त्यासाठी बारा हजार डॉलर बाजूला काढलेत. काडतूस ७×५७ घ्यावं की .२७०, लाकूड कोणतं, नक्षीकाम किती, कारागीर कसा शोधायचा, असं विचारलंत. मी आयडाहोत बॉयसीला बावीस वर्षं राहतो आणि अशा दोन रायफली बनवून घेतल्या आहेत. पहिली फसली. दुसरी गेली नऊ वर्षं दर ऑक्टोबरला माझ्याबरोबर डोंगरात असते. या दोन्ही अनुभवांवरून लिहितो.

बारा हजारांत उत्तम रायफल होते, फक्त नक्षीकाम त्यात बसणार नाही. माझं सांगणं एकच आहे: पैसा आधी जिथे दिसत नाही तिथे घाला. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, दस्ता तुमच्या खांद्याच्या मापाचा हवा आणि काडतूस पेटीतून (मॅगझिनमधून) नळीत न अडखळता जायला हवं. या तीन गोष्टी जमल्या की रायफल आपोआप देखणी दिसते, कारण क्लासिक घाटात लपवायला काही नसतंच.

पहिल्या रायफलीची हकीकत आधी सांगतो. अक्रोडाचा ठोकळा, ज्याला इथे सगळे ब्लँक म्हणतात, तो मी एका व्यापाऱ्याकडून फोटो बघून घेतला. मधाच्या रंगावर काळ्या धूरकट रेषा, अप्रतिम दिसत होता. 'तीन वर्षं वाळवलाय' असं त्याने सांगितलं आणि मी ते मानलं. कारागीर ओरेगॉनच्या किनाऱ्याकडचा, तिथली हवा दमट. रायफल तयार होऊन बॉयसीला आली तेव्हा बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपतं आणि पोलाद कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पुढच्या ऑगस्टपर्यंत आमच्या कोरड्या हवेत दस्ता आकसला. मागच्या पोलादी पट्टीची कड लाकडाच्या वर नखाएवढी उभी राहिली, शर्टाला अडकायला लागली. पुढचा भाग पिळला जाऊन नळीला डावीकडून टेकला. १०० यार्डांवर नेम तीन इंच सरकला होता, आणि हे मला मोसमाच्या दोन दिवस आधी कळलं.

दुसऱ्या वेळी मी ज्या कारागिराकडे गेलो त्याने ब्लँक हातात घेऊन आधी वजनकाट्यावर ठेवला. वजन आणि तारीख पेन्सिलीने लाकडावरच लिहिली आणि म्हणाला, आता थांबायचं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो वजन करायचा आणि खाली नवी ओळ लिहायचा. आठ महिन्यांनी सलग तीन ओळींत एकच आकडा आला, तेव्हा त्याने करवत हातात घेतली. ब्लँकची किती वर्षं सांगितली जातात याला अर्थ नाही. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं, एवढंच खरं.

लाकडाच्या जातीबद्दल लोक फार वाद घालतात. इंग्लिश, फ्रेंच, सर्केशियन, तुर्की अशी नावं ऐकाल. झाड एकच, आपण खातो तोच अक्रोड, जो काश्मीरमध्येही होतो. फरक जमिनीचा, हवेचा आणि वयाचा. अमेरिकेचा काळा अक्रोड वेगळा, कॅलिफोर्नियाचा क्लॅरो आणखी वेगळा. तुमच्यासाठी खाण्याच्या अक्रोडाचंच लाकूड घ्या. घट्ट असतं, वजनाला हलकं पडतं आणि पकडीसाठी कोरतात त्या बारीक चौकटी त्यात तुटत नाहीत. पाचशेपासून दोन हजार डॉलरपर्यंत आणि त्याहीवर भाव जातात. भाव सगळा नागमोडी रेषांचा असतो, तुम्ही मात्र सरळ रेषांसाठी पैसे द्या. मुठीजवळ दस्ता सर्वांत बारीक असतो आणि बार निघाल्यावर धक्का तिथूनच मागे जातो. तिथल्या रेषा मुठीच्या वळणाबरोबर गेल्या पाहिजेत, आडव्या कापल्या गेल्या तर एक ना एक दिवस तडा जाणारच. पुढच्या भागातही रेषा सरळ हव्यात. सगळी शोभा मागच्या रुंद भागात असू दे.

आता माप. माझं बालपण सिंधुदुर्गात गेलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. तिचा दस्ता फुटला तेव्हा गावच्या सुताराने त्यांना अंगणात उभं केलं, कच्चा दस्ता खांद्याला लावून बघितला, तासला, परत लावून बघितला. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. इथले मोठमोठे कारागीर काही वेगळं करत नाहीत. कारखान्याच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा ते पावणेचौदा इंच अंतर असतं. तुम्ही उंची ५ फूट ५ इंच लिहिलीत, म्हणजे तुम्हाला सव्वातेरा किंवा त्याहून थोडं कमी लागेल, त्यातही शिकारीचा जाड कोट अंगात असेल तर आणखी कमी. माप द्यायला जाल तेव्हा तो कोट घालूनच जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण, कडेला काळी सावली नसलेलं दृश्य लगेच दिसलं पाहिजे. मान वर-खाली करावी लागली तर गालाखालची उंची चुकली. फोनवर माप घेणाऱ्या कारागिराला ऑर्डर देऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो.

७×५७ की .२७०? मन ७×५७ कडे का ओढ घेतंय ते मला कळतं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने दिलेली .२७५ रिग्बी म्हणजे हेच काडतूस, इंग्रजी नावाने. धक्का सौम्य, निशाणा गोड. जर्मन माउझरच्या ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट हा सरकता दांडा आणि त्याभोवतीचा पोलादी सांगाडा यात, ते बसतंही फार सुंदर, कारण माउझरने पेटी काडतुसाच्या मापावरून बेतली. काडतुसं पेटीत एकाआड एक रचली जातात आणि त्यांच्या मध्यबिंदूंचा समभुज त्रिकोण होतो, म्हणून पेटीची रुंदी बुडाच्या व्यासाच्या १.८६६ पट. ७×५७ चं बूड सुमारे १२ मिमी, म्हणजे पेटी मागच्या बाजूला सुमारे २२.४ मिमी. एवढ्या काटेकोरपणामुळेच काडतूस उडी न मारता, बोल्टवरच्या, काडतूस धरणाऱ्या पंजाखाली सरकून नळीत जातं. ज्या काडतुसासाठी पेटी बनली नाही ते तिच्यात कोंबलं की हे गणित मोडतं, आणि ते परत जुळवायला कारागिराचे आठवडे जातात.

तरीही तुम्हाला मी .२७० सांगेन. तुम्ही काडतुसं घरी भरत नाही. ७×५७ च्या जुन्या, कमजोर रायफली अजून वापरात आहेत, म्हणून अमेरिकन कारखाने हे काडतूस मुद्दाम हलकं भरतात, आणि लहान गावातल्या दुकानात ते मिळतंच असं नाही. .२७० विंचेस्टर १९२५ पासून बाजारात आहे आणि कोलोरॅडोच्या कुठल्याही गावात मिळेल. एल्कला चांगली, घट्ट बांधणीची गोळी वापरा आणि अंतर आवाक्यात ठेवा, आणखी काही लागत नाही.

ॲक्शनबद्दलही हाच विचार. अर्जेंटिनाची १९०९ ची माउझर कारागिरांची लाडकी, तिच्या पेटीची खालची झडप बिजागरीवर उघडते आणि घडण अव्वल. पण सैनिकी माउझरला दुर्बीण बसवायची म्हणजे बोल्टची मूठ खाली घ्यावी लागते, सेफ्टी आणि चाप बदलावा लागतो, आणि पोलाद मऊ निघालं तर परत कठीण करून घ्यावं लागतं. यात तुमचे तीन-चार हजार सहज जातील. त्यापेक्षा १९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७० बघा. तीन टप्प्यांची सेफ्टी, साधा आणि भरवशाचा चाप, माउझरसारखाच काडतूस धरणारा पंजा, आणि .२७० साठी ती मुळातच बनलेली. एक विनंती: मूळ अवस्थेतली, संग्राहकाच्या तोलामोलाची मॉडेल ७० मोडू नका. कुणीतरी आधीच जादा भोकं पाडलेली किंवा घासून पोलादाला परत निळा-काळा रंग दिलेली शोधा. तशी बरीच मिळतात, स्वस्तही पडतात.

या जोडीला परंपराही आहे. जॅक ओ'कॉनर या शिकार-लेखकासाठी स्पोकेनच्या अल बीसनने बनवलेल्या .२७० रायफली म्हणजे अमेरिकन क्लासिक घाटाचा वस्तुपाठ. लुईस्टनला हेल्स गेट स्टेट पार्कमध्ये ओ'कॉनरच्या नावाचं केंद्र आहे. जमलं तर एकदा जाऊन या. हा घाट असा: दस्त्याची वरची रेघ सरळ, मूठ सैलसर वळणाची, पुढचा भाग सडपातळ, कुठेही उंचवटा नाही की चकाकी नाही. कागदावर 'क्लासिक' लिहून कारागिराला काही कळत नाही. आवडलेल्या तीन रायफलींचे फोटो द्या आणि प्रत्येकातलं नेमकं काय आवडलं ते सांगा.

कारागीर निवडताना त्याच्या हातची रायफल प्रत्यक्ष हातात घ्या, शक्य झालं तर दहा वर्षं वापरलेली. नवी रायफल सगळ्यांचीच छान दिसते. ॲक्शनच्या मागच्या टोकाशी लाकूड बघा. अस्सल काम करणारा पोलादाला काजळी लावून लाकडात दाबतो, काळा डाग उमटेल तेवढंच खरवडतो, आणि हे शेकडो वेळा करतो. तिथे भिंगातूनही फट दिसता कामा नये. चौकटींच्या जाळीत एखादी रेघ कडेबाहेर घसरली आहे का बघा. इंचाला २२ ते २४ रेघा पुरेत, त्याहून बारीक जाळी ओल्या हातात पकड देत नाही. स्क्रूंच्या खाचा सगळ्या नळीच्या दिशेत असतील तर माणूस शेवटपर्यंत लक्ष देणारा आहे. शोधायला सुरुवात कुठून करायची तर अमेरिकन कस्टम गनमेकर्स गिल्ड, १९८३ पासूनची संस्था.

बऱ्याचदा लोखंडकाम एकाचं आणि लाकूडकाम दुसऱ्याचं असतं, आणि वेळ जातो तो या दोघांच्या मध्ये. करार एकाशीच करा, दुसऱ्याची जबाबदारी त्याने घ्यायची. दोन-तीन वर्षं लागतात असं धरून चाला. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा. यातले बरेच कारागीर वयस्क आहेत, म्हणून हे लिहायला जड जातं, पण लिहितो: ॲक्शनचा क्रमांक करारात हवा, त्याच्या नोंदवहीत ती तुमच्या नावावर हवी आणि ब्लँकवर तुमचं नाव हवं. कारागीर गेला तर त्याच्या मुलांना दुकानातली कुठली वस्तू कोणाची हे कळायचा दुसरा मार्ग नसतो.

नक्षीकाम आत्ता नको. फक्त खालच्या झडपेवर आद्याक्षरं कोरून घ्यायची असतील तर रंग चढण्याआधी सांगा, नंतर कोरलं तर रंग परत करावा लागतो. रंग मात्र जुन्या पद्धतीचाच घ्या. पोलादावर द्रावण लावून बारीक गंज येऊ देतात, मग उकळत्या पाण्यात बुडवतात, तांबूस गंज काळा होतो, तो मऊ तारांनी घासतात आणि परत सुरुवात करतात, सहा-आठ वेळा. त्यातून येणारा खोल, न चमकणारा निळा-काळा रंग दुसऱ्या कशाने येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. तुमची स्वतःची ॲक्शन परवानाधारक कारागिराकडे गेली तर केंद्रीय कायद्याप्रमाणे तयार रायफल थेट तुमच्याकडे परत येऊ शकते. ॲक्शन त्याची असेल आणि तो दुसऱ्या राज्यातून रायफल पाठवणार असेल, तर ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातून घ्यावी लागते. तुम्ही अजून एच-वन-बीवर असाल तर बंदूक बाळगण्याची मुभा वैध शिकार परवान्यावर टिकून असते, त्याची मुदत एक दिवसही चुकवू नका आणि वकिलाला विचारून घ्या. आणि रायफल शिकारीसाठी भारतात नेण्याचा विचारच नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथे शिकारीला बंदी आहे.

रायफल हातात आली की लगेच भिंतीवर टांगू नका. पहिल्या महिन्यात निदान पन्नास बार काढा. पेटी भरून बोल्ट सावकाश चालवा, मग जोरात चालवा, मग रायफल आडवी धरून चालवा. एकदाही अडकली तर परत पाठवा, चांगला कारागीर त्याबद्दल रागावत नाही. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये फट ठेवून घेतली असेल तर तीत डॉलरची नोट सरकवून बघा, आणि हेच ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत परत करा. माझ्या दुसऱ्या रायफलीत नोट नऊ वर्षं कुठेही न अडकता जाते.

ब्लँक घेण्याआधी फोटो मला जरूर पाठवा, पण दोन्ही बाजूंचे आणि वरच्या कडेचाही. एका बाजूच्या फोटोवरून मुठीतल्या रेषा कुठे बाहेर पडतात ते कळत नाही.