भिंत जिथे संपते

प्रश्न : आमचं गाव अगदी समुद्राला लागून आहे. गेल्या चार वर्षांत दोन मोठ्या उधाणांनी पुळण खाल्ली. पुढच्या ओळीतल्या नऊ घरांच्या पायऱ्यांपर्यंत आता भरतीचं पाणी येतं. गावसभेत धूपप्रतिबंधक भिंतीची मागणी एकमताने मंजूर झाली. तुम्ही मात्र मागच्या अंकात ‘भिंत हा शेवटचा उपाय’ असं लिहिलंत. मग आम्ही काय घरं सोडून जायचं?

उत्तर : तुमच्या पत्रातला राग रास्त आहे. पायऱ्या भिजत असताना कोणी ‘थांबा’ म्हटलेलं ऐकवत नाही. तरीही मी थांबा म्हणते, कारण मी स्वतः अशा भिंती बांधल्या आहेत.

नोकरीच्या नवव्या वर्षी मी 400 मीटर लांबीची एक भिंत उभी केली. तिच्या मागची वस्ती वाचली, आजही शाबूत आहे. तीन वर्षांनी शेजारच्या वाडीतल्या एक बाई कचेरीत आल्या. जाळी वाळवायची त्यांची जागा समुद्रात गेली होती. त्यांनी एवढंच विचारलं, “तुमची भिंत आमच्या हद्दीपाशीच का थांबली?” निधी तिथे संपला होता, म्हणून. तसं मी त्यांना सांगितलं. त्या काही न बोलता उठून गेल्या. तेव्हापासून भिंतीचा आराखडा समोर आला की मी आधी तिची टोकं बघते.

उतरत्या पुळणीवर लाट चढते, पसरते आणि दमते. उभ्या भिंतीवर मात्र ती आपटून मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. काही वर्षांत भिंतीपुढची पुळण खचते, पाणी खोल होतं, आणि पाणी जितकं खोल तितकी मोठी लाट थेट भिंतीपर्यंत पोचते. टोकांपाशी लाटा वळून बाजूची मोकळी जमीन कातरतात. त्यात 1901 ते 2018 या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली आहे आणि वाढीचा वेगही चढता आहे. आज बेताची वाटणारी भिंत तुमच्या नातवंडांना बुटकी पडेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेडमरी नावाची जागा आहे. तिथला दगडगोट्यांचा बांध हिवाळी वादळांत फुटायचा आणि यंत्रं लावून तो पुन्हा पुन्हा रचावा लागायचा. शेवटी तिथे आत सरकून मातीचा सुमारे 7 किलोमीटरचा नवा बांध घातला, आणि 2013 मध्ये जुना बांध मुद्दाम फोडला. मधल्या जमिनीत भरती-ओहोटी खेळू लागली, खारं पाणथळ तयार झालं, आणि लाटेचा जोर आता त्यातच मोडतो. यासाठी शेतजमीन सोडावी लागली, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुमच्या गावामागे खाजण किंवा पडीक सखल जमीन असेल, तर असा विचार आधी करा. उष्ण प्रदेशात हेच काम खारफुटी करते. पण ती चिखलाच्या, शांत पाण्याच्या जागी तगते. उघड्या वाळूवर रोपं लावून फोटो काढले, तर पहिल्याच उधाणात ती वाहून जातील.

मागे जागाच नसेल तर? नेदरलँड्समधल्या ओव्हरडीप इथल्या शेतकऱ्यांवर अशीच वेळ आली. पुराचं पाणी नदीतून त्यांच्या शेतात वळवायचं ठरत होतं. त्यांनीच सुचवलं की आम्ही उंच भराव घालून त्यावर घरं आणि गोठे बांधतो, शेतात पाणी येऊ दे. काही कुटुंबं तशी राहिली, काहींनी जागा सोडली. फिजीतलं वुनिडोगोलोआ हे गाव मात्र 2014 मध्ये सगळंच्या सगळं सुमारे 2 किलोमीटर आत सरकलं. सगळे एकत्र गेले, म्हणून ते गाव राहिलं. घर गेल्यावर एकेकाने निघणं आणि वेळ हातात असताना सगळ्यांनी मिळून ठरवणं, यात फार फरक आहे. नऊ घरांचा प्रश्न आज पूर्ण गावाने आपला मानला, तर त्या नऊ कुटुंबांना गावातच उंचावर जागा देता येईल.

भिंतीचा आग्रह कायम असेल, तर अभियंत्याला विचारा : टोकं कुठे संपतात, तिथे कोण राहतं, आणि दहा वर्षांनी पायथ्याचा दगड कोण भरणार? पुढच्या प्रत्येक उधाणाला पाणी कुठवर चढलं, ते विजेच्या खांबांवर रंगाने खुणा करून तारखेसह नोंदवा. म्हाताऱ्यांना जुन्या खुणा विचारा. कोणत्याही बैठकीत या नोंदींचं वजन पडेल.

प्रश्न : पावसाचं पाणी साचतं म्हणून आमच्या इमारतीचं आवार पूर्ण काँक्रीटचं करायचं ठरतंय. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. काँक्रीटमध्ये पाणी मुरत नाही, आणि मुरवायचं पाणी तर वाढतंय. हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा तो अधिक जोरात कोसळतो. कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 रोजी दोनेक तासांत काही ठिकाणी 150 मिलिमीटर पाऊस झाला आणि गटारं ओसंडली. त्यानंतर त्या शहराने फक्त नळ्या मोठ्या न करता रस्ते आणि बागाही पाणी धरून ठेवतील अशा आखायला घेतल्या. रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकातली खोलगट मैदानं एरवी खेळायला असतात आणि मोठ्या पावसात चौकात सुमारे 17 लाख लिटर पाणी थांबतं.

तुमच्या आवारात एवढं करा. गाड्यांच्या वाटेपुरतीच फरशी घाला आणि तिचे सांधे सिमेंटने बुजवू नका. उतार झाडांच्या मातीकडे द्या, पायाकडे नको. त्याआधी, याच आठवड्यात, तळमजल्यावरचे विजेचे मीटर आणि पंपाची कळ किती उंचीवर आहेत ते बघा. ती गुडघ्याच्या खाली असतील, तर पहिला खर्च तिथे करा.