रंकाळ्यावर उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो ब्लर येतात, फोकस कसा लावू?

भावा, आधी फोकस मोड बघ. सिंगलवर (फोकस एकदाच लागून तिथंच थांबतो) असशील तर पक्षी पुढं सरकतो आणि फोकस मागंच राहतो, म्हणून निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्व्हो किंवा सर्व्हो लाव (यात फोकस पक्ष्यामागं सतत फिरत राहतो), आणि फोकसचा एकच पॉइंट नको, झोन (म्हणजे पॉइंटांचा गट) घे. मोकळं आभाळ असंल तर मोठा झोन चालतोय, पण मागं झाडं-इमारती आल्या की कॅमेरा तिकडंच पळतो, तिथं छोटा झोन. शटर १/२००० सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटो. आभाळात घार काळी पडती, एक्स्पोजर +१ कर, म्हणजे फोटो उजळ येतो.

फ्रेममध्ये चोचीपुढं जागा सोड, आणि सुरुवातीला झूम थोडा कमीच ठेव, नाहीतर पंख कापले जातात (माझं पहिलं वर्ष नुसतं शेपट्या काढण्यात गेलं 😄), क्रॉप नंतर करता येतंय की.

सकाळी पूर्वेच्या काठावर, ऊन पाठीवर घेऊन थांब. पक्षी उडताना-उतरताना सहसा वाऱ्याकडं तोंड करतात, त्यामुळं वारा पण पाठीमागनं असला तर तोंड तुझ्याकडंच. सरावाला बगळा घे, निवांत उडतोय. पाणकावळा पाण्यावर धावत उठतो, तेवढा वेळ मिळतोय. वेड्या राघूच्या (छोटा, लय चपळ पक्षी) नादाला एवढ्यात लागू नकोस.